चौथा चॅनेल

शारजात, अबू शगाराच्या मागच्या गल्लीत
एक कडुलिंब आहे. काळी नळी बुंध्याशी वेटोळून
पहाटे चार ते पाच थेंब थेंब पाणी देते.
बाकी दिवसभर तो त्याचं त्याचं बघतो.

मला त्याचं पान हवं होतं.
म्हणजे झाडच हवं होतं, पण झाड करायचं
तर आधी एक पान नीट लागतं:
सावलीतला फोटो, सपाट उजेड,
मागे पांढरा कागद. वारा नको.
वारा होताच. शमालचे दिवस,
दातांखाली वाळू, कागद हातातून निसटू बघणारा.

तोफज्जल नळीपाशी उकिडवा बसला होता, उठला.
"द्या आपा, मी धरतो."
आणि देठाशी डहाळी धरून उभा राहिला,
नखात लाल माती.
ही इथली नव्हे, म्हणाला, गोणीतून येते.
कुठून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

लाल, हिरवा, निळा. आणि चौथा,
ज्याला स्वतःचा रंग नाही, तो फक्त निकाल देतो:
पांढरं ते राहील, काळं ते जाईल,
करडं अर्धंमुर्धं.
कडुलिंबाच्या पानाला करवतीचे दात.
एकेका दाताभोवती बिंदूबिंदूने फिरले,
चहा दोनदा गार झाला.
अळीने पाडलेलं एक भोक होतं,
तेही काळं केलं. आता त्यातून
पलीकडचं आकाश दिसेल,
नाहीतर पलीकडची व्हिला.

मग अंगठा.
तो एका फटक्यात गेला.

नियम असा की पानाच्या कडेबाहेर,
जिथे पान नाही तिथेही,
हिरवा सांडून ठेवायचा.
नाहीतर लांबून बघताना
कडांना कागदाची पांढरी कोर धरते.
कुणाला दिसणार नाही असा हिरवा.
फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली,
"म्हणजे साडीचा फॉल."
हो आई. तसं नाही, पण हो.

सगळीकडे ओतला.
अंगठ्यावर ओतायचा राहिला.
राहिला म्हणते मी.
सव्वाअकरा वाजले होते, फाइल सेव्ह केली.

दोन सपाट पाट्या एकमेकींत खोचल्या
की फांदी होते. वरून बघितलं तर फुली.
एकेक पाटी कडेवरून बघितली तर काहीच नाही.
अशा चाळीस फांद्यांचं झाड.
अशी दोनशे अकरा झाडं
एका दुपारी अजमानच्या किनाऱ्यावर लावली,
जो किनारा अजून भरायचाच होता.
एकालाही नळी लागली नाही.

रूला खूरी खुर्ची मागे सारून
भिंतीपर्यंत गेली, डोळे बारीक केले.
"जवळून छान. लांबून मात्र
कडेला तपकिरी झाक मारते.
कुठून येते ही?"
बघते, म्हटलं.
"नको, असू दे. उन्हाळा वाटतो.
खरं वाटतं."

पाडव्याला डहाळी मागायला गेले
तर नळीपाशी दुसराच कुणी.
तोफज्जल? त्याने हात हलवला,
गेला, की दुसऱ्या रस्त्यावर घातला,
ते त्या हातावरून कळेना.
फांदी मात्र वाकवून दिली.
कोवळं पान जिन्यातच चावलं.
लाल नाही, हिरवा नाही, निळा नाही,
थेट जिभेवर.

ऑफिसात कोणी नसलं
की कधीकधी चौथा चॅनेल बंद करते.
पानामागचा सगळा सांडलेला हिरवा
एकदम वर येतो, बेढब, कडा सोडून,
आणि त्याच्या मधोमध अंगठा.
वाऱ्यात पान हलू नये इतका घट्ट.
देठ मोडलेला नाही.
नखात ती गोणीतली माती,
कुठल्याशा गावची.